आधी रविवार, मग पहाट: धावपळीच्या घरात ख्रिस्ती श्रद्धा मध्यभागी ठेवण्याचा क्रम

वर्षअखेरच्या रात्रीची उपासना संपते किंवा राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते, आणि संकल्प ठरतो: उद्यापासून पहाटे पाचला उठायचं, तासभर प्रार्थना करायची, रोज चार अध्याय वाचायचे, रात्री सगळं घर एकत्र बसवायचं. पहिला आठवडा कसाबसा निघतो. मग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिफ्ट बदलते, मुलीची परीक्षा येते, खानापूरहून पाहुणे येतात, आणि सगळं एकदम बंद पडतं. पुढे मनात जी टोचणी राहते तिच्यापायी आधी होत असलेली थोडीफार प्रार्थनाही सुटते.

इथे क्रम चुकलेला असतो. सगळ्यात अवघड काम, म्हणजे पहाट, आधी हाती घेतलं जातं. रविवार मात्र 'तो तर होतोच की' म्हणून सोडून दिला जातो. खरं पाहिलं तर बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातल्या कितीतरी नोकरदार आणि कष्टकरी घरांचा रविवारच आधी हातातून गेलेला असतो. म्हणून खालचा क्रम तिथून सुरू होतो. एक टप्पा बसल्याशिवाय पुढचा घेऊ नका. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही घरांना चालेल असं लिहिलं आहे. जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: सात दिवस फक्त बघायचं

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. वहीच्या एका पानावर सात रकाने आखा आणि रोज रात्री चार गोष्टी लिहा: कधी झोपलात आणि उठलात, कामावर व प्रवासात किती गेलं, मोबाइलवर किती गेलं, आणि कशाची तरी वाट बघण्यात किती गेलं. मोबाइलचा आकडा अंदाजाने लिहू नका. फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा वापर दिसतो, तोच उतरवा. अंदाज आणि खरा आकडा यांत इतकं अंतर निघतं की बरेच जण पहिल्याच दिवशी वही मिटतात. मिटू नका.

त्याच आठवड्यात ही जुळवाजुळव करून ठेवा.

१. वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षराचं छापील पवित्र शास्त्र. लग्नात मिळालेलं बारीक अक्षराचं बायबल कपाटात शोभतं, पण चाळिशीनंतर रात्रीच्या दिव्यात ते वाचवत नाही आणि आळस आपल्यातच आहे असं वाटत राहतं. कधीकधी फक्त चष्म्याचा नंबर बदललेला असतो.

२. तुमच्या मंडळीच्या उपासनांचं किंवा मिस्सांचं (कॅथलिक उपासनांचं) वेळापत्रक. सीमाभागात एकाच गावात, काही ठिकाणी एकाच इमारतीत, मराठी, कन्नड, कोंकणी आणि इंग्रजी उपासना वेगवेगळ्या वेळी होतात. ते नीट विचारून लिहून घ्या. सणांच्या आठवड्यात वेळा बदलतात हेही धरून ठेवा.

३. पुढच्या महिन्याचा शिफ्टचा किंवा ड्युटीचा तक्ता.

४. नवऱ्याशी किंवा बायकोशी एक सरळ बोलणं. घरातल्या एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी पाळायचं, हे दोन आठवडेसुद्धा चालत नाही. जोडीदार ख्रिस्ती नसेल किंवा त्याला यात रस नसेल, तर या क्रमातलं जे तुमच्या एकट्याचं आहे तेवढंच सुरू करा आणि तसं सांगून टाका. लपून केलेल्या प्रार्थनेवरून जेवढे गैरसमज होतात तेवढे सांगून केलेल्या प्रार्थनेवरून होत नाहीत.

सावध: घरात लग्न, बाळंतपण किंवा दहावी-पीयूसीची (अकरावी-बारावीची) परीक्षा महिन्याच्या आत असेल तर सुरुवात पुढे ढकला. फक्त तारीख आत्ताच लिहून ठेवा.

## टप्पा १: वहीतून काय शोधायचं

रिकामा तास शोधायला बसाल तर तो सापडणार नाही. कामाचं तेच निघतं जे सातही दिवस न चुकता घडतं: सकाळचा पहिला चहा, आंघोळ, दुकानाचं शटर उघडणं, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं, नळाला पाणी येण्याची वाट बघणं, खानापूर ते बेळगाव बसचा प्रवास. अशा गोष्टींखाली रेघ ओढा. टप्पा ३ मध्ये त्यातलीच एक लागणार आहे.

दुसरी गोष्ट, रविवारचा रकाना नीट बघा. सकाळी आठ ते अकरा या वेळात तुम्ही कुठे होता आणि कोणामुळे होता? 'कोणामुळे' हे महत्त्वाचं, कारण पुढच्या टप्प्यात त्याच माणसाशी बोलायचं आहे.

## टप्पा २: रविवार, म्हणजे शनिवारची संध्याकाळ

रविवारची उपासना शनिवारी संध्याकाळी हुकते. रविवारी सकाळी मुलांच्या मोज्यांची शोधाशोध, गाडीत पेट्रोल नाही, इस्त्रीवाल्याने कपडे दिले नाहीत, आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे मटणाची रांग. हसू नका. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरात रविवारचं जेवण आणि रविवारची उपासना यांची टक्कर दर आठवड्याला होते आणि बहुतेक वेळा रस्साच जिंकतो. एकजण रांगेत, एकजण वाटणाला, आणि चर्चला आजी एकट्या.

शनिवारी रात्री नऊच्या आत एवढं उरका:

१. सगळ्यांचे रविवारचे कपडे, चपला-बूट एका जागी.

२. मटण किंवा चिकन शनिवारी आणून ठेवा, नाहीतर दुकानदाराला आधी सांगून उपासनेनंतर घ्या. वाटण शनिवारीच करून ठेवा. पाहुणे येणार असतील तर त्यांना जेवायची वेळ एक सांगा, अकरा नव्हे.

३. अर्पणाचं पाकीट भरून बायबलमध्ये. दारात उभं राहून सुट्टे शोधायचे नाहीत.

४. दुसऱ्या दिवशीचं शास्त्रपठण एकदा वाचून घ्या. मिस्साची वाचनं आधीच ठरलेली असतात. प्रोटेस्टंट मंडळीत पाळकसाहेबांना विचारलं तर बहुधा सांगतात.

५. मोबाइल चार्जिंगला, तोही झोपायच्या खोलीबाहेर.

ज्यांना रविवारी काम असतं त्यांच्यासाठी. नर्स, पोलीस, हॉटेलातले, बस खात्यातले, कारखान्यातले, आणि ज्यांच्या गावचा आठवडी बाजार रविवारीच भरतो ते दुकानदार, यांना वरची यादी पुरत नाही. शिफ्ट बदलून हवी असेल तर तक्ता लागण्याच्या आधी सांगा. शनिवारी रात्री सुपरवायझरला फोन केला तर उत्तर 'नाही'च येणार, आणि त्यात त्याची चूक नाही. बदल्यात तुम्ही काय देणार तेही त्याच वेळी बोला: दिवाळीच्या किंवा गणेश चतुर्थीच्या दिवशी मी येतो, नाताळ आणि महिन्यातले दोन रविवार मला द्या. सहकारी याला खुशीने तयार होतात, कारण त्यांनाही सणाला घरी राहायचं असतं.

कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचं कर्तव्य पूर्ण करतो. ही सवलत चर्चच्या नियमातच आहे. ती घेताना ओशाळायचं कारण नाही. प्रोटेस्टंट घरांत अशी औपचारिक सोय नसते, तेव्हा आठवड्यातली एक गृहसभा नक्की धरा आणि तिलाच रविवारइतकं पक्कं माना. मोबाइलवर उपासना बघणं अंथरुणाला खिळलेल्यांसाठी उत्तम आहे. चालत्या-फिरत्या माणसाने त्याची सवय लावली की तो भाजी चिरता चिरता बघायला लागतो.

मुलांच्या रविवारच्या ट्युशनचं बोलणं वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्येच करा. 'सर, सकाळी साडेअकरानंतर पाठवते' एवढं वाक्य पुरे. फेब्रुवारीत सांगाल तर सर म्हणणार, आता पोर्शन राहिलाय.

तपासा: ओळीने चार रविवार, किंवा त्यांच्या बदली ठरवलेले चार दिवस, वेळेवर आणि धांदलीशिवाय गेलात का? 'वेळेवर' म्हणजे पहिल्या गीताआधी. तीन झाले असतील तर आणखी एक महिना इथेच थांबा. पुढे जायची घाई करणारेच एप्रिलपर्यंत सगळं सोडून बसलेले असतात.

## टप्पा ३: रोजची दहा मिनिटं

आता टप्पा १ मधली रेघ ओढलेली एक गोष्ट उचला आणि तिच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर दहा मिनिटं बसवा. घड्याळाची वेळ ठरवू नका, घटना ठरवा. 'सकाळी सहाला' हे पाहुणे आले की मोडतं; 'पहिल्या चहाआधी' हे पाहुणे आले तरी टिकतं, कारण चहा तर होणारच.

पहाटेच उठलं पाहिजे या मताचे लोक मार्क १:३५ दाखवतात, जिथे येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला जातो. तेच पान जरा मागे-पुढे वाचा. आदल्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर सगळं गाव दाराशी गोळा झालं होतं. पुढच्याच ओळीत शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात. म्हणजे त्याच्या एकांतातही लोक येऊन पोचलेच. शिवाय लूक ६:१२ मध्ये तो रात्रभर प्रार्थना करतो. शास्त्रात एकच तास ठरलेला नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे.

कोणी कुठे बसवावं, याची काही उदाहरणं:

- फर्स्ट शिफ्ट: निघायच्या आधी जमणार नाही. घरी परतल्यावर आंघोळ झाली की लगेच, जेवणाआधी.
- नाइट शिफ्ट: परत आल्यावर प्रार्थनेला बसाल तर बसल्या जागी झोपाल. दुपारी झोपून उठल्यावर पहिली दहा मिनिटं तुमची पहाट.
- नर्स, ज्यांची ड्युटी दर आठवड्याला फिरते: कुठल्याही ड्युटीला निघताना गणवेश घालतात, गणवेश चढवण्याआधीची दहा मिनिटं.
- लहान मूल असलेली आई: एकदम दहा मिळणार नाहीत. बाळ दूध पिताना पाच, ते झोपल्यावर पाच. यापेक्षा जास्त या वर्षी मागू नका.
- घरी विड्या वळणाऱ्या निपाणीच्या बायका: हात मोकळे नसतात, कान असतात. एकीने वाचायचं, बाकींनी वळत ऐकायचं. ऑडिओ बायबलही चालतं.
- शेतकरी: नट्टी (भाताची लागण) आणि सुगीच्या दिवसांत रानात जायच्या आधी काहीच जमत नाही; दुपारची भाकरी खाण्याआधी बांधावर.

दहा मिनिटांत करायचं काय? एक मिनिट गप्प. पाच मिनिटं वाचन. तीन मिनिटं प्रार्थना, त्यात निदान एक नाव आपल्या घराबाहेरच्या माणसाचं. शेवटच्या मिनिटात वहीत एक ओळ: आज काय लक्षात राहिलं. ओळ सुचली नाही तर नुसती तारीख लिहा.

सावध: सुरुवातीचे तीन महिने मोबाइलवरचं बायबल नको. ॲप वाईट नाही, पण त्याच पडद्यावर शाळेच्या ग्रुपचा निरोप येतो. उत्तर देऊन परत वचनाकडे वळेपर्यंत दहातली सात मिनिटं गेलेली असतात. आणि सकाळी वीस जणांना वचनाचं चित्र फॉरवर्ड करणं म्हणजे वाचन झालं, असं धरू नका.

## टप्पा ४: काय वाचायचं आणि किती

हिशेब सोपा आहे. प्रोटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज तीन ते चार अध्याय. नवशिक्याने हा बेत करूच नये. उत्पत्ती उत्साहात जातं, निर्गमच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची मापं सुरू होतात, लेवीयला गाडी रुतते.

त्याऐवजी मार्ककृत शुभवर्तमान घ्या: १६ अध्याय, रोज अर्धा वाचला तरी साधारण महिना. नंतर लूक, २४ अध्याय. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय होतात; रोज एक या चालीने तीन महिन्यांत संपतात. थकलेल्या दिवसासाठी स्तोत्रसंहिता. तिच्यातही निवड हवी: ११७ वं स्तोत्र दोन ओव्यांचं आहे, ११९ वं १७६ ओव्यांचं. रात्रपाळीनंतर ११९ उघडू नका.

कॅथलिक घरांत रोजच्या मिस्साची वाचनं धरली तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, आणि रविवारी चर्चमध्ये जे ऐकलं त्याच्याशी धागा जुळतो. रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) रोज पूर्ण जमत नसेल तर एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, मनापासून. पाचही दशकं टीव्हीच्या आवाजावर उरकण्यापेक्षा ते बरं.

## टप्पा ५: कामाच्या मधल्या प्रार्थना

हा टप्पा लोक गाळतात, आणि मग देव सकाळच्या दहा मिनिटांत आणि रविवारच्या दोन तासांत अडकून पडतो. नहेम्या २:४ बघा. राजा विचारतो, तुला काय हवं? नहेम्या आधी स्वर्गाच्या देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास घेता येतो तेवढीच ती प्रार्थना असणार.

दिवसातल्या तीन जागा पक्क्या करा. एक, काम सुरू करताना: मशिनचं बटण, वर्गाचं दार, दुकानाचं कुलूप. दोन, राग येतो तिथे. ती जागा आपल्याला आधीच ठाऊक असते: ठरावीक गिऱ्हाईक, ठरावीक वरिष्ठ, बसची ठरावीक गर्दी. तीन, घराच्या दाराशी, आत शिरण्याआधी. प्रार्थना एका वाक्याची हवी आणि रोज तीच चालते. 'प्रभू, माझ्यावर दया कर' एवढीही पुरते. चर्चची घंटा ऐकू येण्याइतकं जवळ राहत असाल तर दुपारी बाराची घंटा आयतीच मिळाली. कॅथलिक घरात तिला आंजेलुस ही छोटी प्रार्थना जोडलेली असतेच.

सावध: लेथवर, फाउंड्रीत, दुचाकीवर डोळे मिटून प्रार्थना नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जा-ये करणाऱ्यांनी कानात इअरफोन घालून वचनं ऐकत गाडी चालवू नये. देव उघड्या डोळ्यांचं ऐकतो.

आणि कामाच्या वेळात काम करायचं. हजेरी लावून कोपऱ्यात बायबल वाचणारा ख्रिस्ती सगळ्या मंडळीचं नाव खराब करतो.

## टप्पा ६: घरची प्रार्थना

आपल्याकडे घरच्या प्रार्थनेत भाषेची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आजी मराठीत प्रार्थना करते. मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. देवनागरीतलं बायबल अडखळत वाचतात आणि हसू झालं की पुन्हा वाचायला तयार होत नाहीत. सून कोंकणी बोलणाऱ्या घरातली. संडे स्कूलमधली गाणी इंग्रजीत. मग रोज रात्री एकच माणूस, बहुधा वडील, लांबलचक प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेनची वाट बघतात.

हे असं सोडवा:

१. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी एकाच भाषेत पाठ करा, शक्यतो आजी-आजोबांच्या. पाठ असलेल्या गोष्टीला लिपी लागत नाही. पाच वर्षांचं मूल महिन्याभरात शिकतं.

२. वाचन ज्याचं त्याने ज्याला येतं त्या भाषेत करावं. सोमवारी मराठी, मंगळवारी मुलगी कन्नडमधून वाचेल, बुधवारी मुलगा इंग्रजीतून. वाचून झालं की वाचणाऱ्याने काय घडलं ते दोन वाक्यांत मराठीत आजीला सांगायचं. यात मुलाची समजही तपासली जाते आणि आजी बाजूला पडत नाही.

३. अडखळलं तर दुरुस्त करायचं नाही. शब्द सांगायचा आणि पुढे जाऊ द्यायचं.

४. वेळ आठ ते दहा मिनिटं. मुलं लहान असतील तर पाच. वडीलधाऱ्यांची प्रार्थना चार वाक्यांची.

५. एक गीत, त्याचंही एकच कडवं. हार्मोनियम, गिटार रविवारी.

आठवड्यातून किती वेळा? अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) ६:७ मध्ये मुलांना बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना शिकवायला सांगितलं आहे. पण सुरुवात आठवड्यातून तीन रात्रींनी करा. कोणत्या ते घरात ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. सात रात्रींचा हट्ट धरलेली घरं महिन्याभरात शून्यावर येतात.

सगळ्यात जास्त दिसणाऱ्या चुका तीन. प्रार्थनेतून मुलांना टोमणे मारणं ('प्रभू, हिला मोबाइल सोडायची बुद्धी दे'). जोडीदाराला ऐकवण्यासाठी प्रार्थना करणं. आणि शेजारच्या घरात जेवणं चालली असताना, रात्री दहा वाजता, झोपेला आलेल्या मुलांना उठवून बसवणं. पहिल्या दोन्हींनी मुलांच्या मनात प्रार्थना म्हणजे बोलणी खायची वेळ अशी गाठ बसते. ती पुढे सुटता सुटत नाही.

सेकंड शिफ्टचा माणूस घरच्या प्रार्थनेला कधीच नसतो. त्याच्यासाठी रविवारी दुपारी जेवणाआधी एक प्रार्थना राखून ठेवा आणि ती त्यालाच करू द्या.

## टप्पा ७: मंडळीतली कामं कमी करा

हे वाचून काही जण रागावतील. पण मंडळीतली सगळ्यात दमलेली माणसं पाहा: गायनमंडळात तीच, महिला मंडळात तीच, संडे स्कूलला तीच, कमिटीत तीच, नाताळच्या नाटकाला आणि स्नेहभोजनाच्या भांड्यांनाही तीच. रविवारी ती उपासनेत असतात आणि त्यांची उपासना होत नाही. डोकं माइकच्या वायरीत आणि चहाच्या कपांत असतं. लूक १० मधली मार्था परक्या कशात गुंतलेली नव्हती. येशूच्याच जेवणाच्या तयारीत होती.

नियम: एका माणसाकडे एका वेळी एक जबाबदारी, तीही वर्षभरापुरती. नवी घ्यायची तर जुनी सोडायची. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो की तू थकून जाशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशे ऐकतो. आपण का ऐकत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा 'माझ्याशिवाय होणार नाही' या अहंकारात सापडतं.

नाही म्हणायचं कसं: फादरांना किंवा पास्टरसाहेबांना प्रत्यक्ष भेटून, काम सुरू व्हायच्या दोन महिने आधी, आणि जमलं तर बदली माणसाचं नाव घेऊन. ग्रुपवर लिहून नाही. 'या वर्षी गायनमंडळ करते, कमिटी नको' इतकं नेमकं सांगा. कारणांची यादी दिली की समोरचा एकेका कारणावर उपाय सुचवतो आणि आपण फसतो.

तपासा: मंडळीच्या कामासाठी आठवड्यात किती संध्याकाळी घराबाहेर असता? दोनपेक्षा जास्त असतील तर टप्पा ६ टिकणार नाही.

## टप्पा ८: पैसा

इथे थोडक्यात. पगार किंवा उसाचं बिल आलं की पहिल्या दिवशी अर्पण बाजूला काढा. भिशी, बचत गटाचा हप्ता, शाळेची फी हे त्यानंतर. उरलं तर देऊ म्हणाल तर उरत नाही. १ करिंथ १६:२ मध्ये पौल हेच सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवा. दशांश जमत नसेल तर जमेल तो भाग ठरवा आणि सहा महिने तोच ठेवा. कर्ज काढून दान देऊ नका. नाताळचे कपडे आणि पहिल्या कम्युनियनचं जेवण यांसाठी काढलेलं कर्जही त्याच यादीत धरा.

## टप्पा ९: वर्षाचे हंगाम आधीच मांडा

एवढं सगळं बसलं तरी वर्षातले काही महिने ते उधळतात. ते कोणते हे आधीच माहीत असतं, तरी दर वर्षी आपण चकित होतो.

- जुलै: खानापूर भागात भाताची लागण. दहाची पाच मिनिटं करा, रविवार सोडू नका.
- साखर कारखान्यांचा गळीत हंगाम, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कारखान्यातले, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टरवाले, तोडणी मुकादम यांचा आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) आणि नाताळ यातच येतो. बदली दिवस ऑक्टोबरमध्येच ठरवा.
- डिसेंबर: कॅरोलच्या फेऱ्या, केक, कुलकुल. तुमच्या घराची प्रार्थना बंद पडण्याचा सगळ्यात धोक्याचा महिना हाच. आठवड्यातल्या तीनपैकी एक रात्र तरी कुठेही जायचं नाही.
- मार्च-एप्रिल: ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो, आणि एसएसएलसी (दहावी) व पीयूसीच्या परीक्षा त्याच सुमारास. पवित्र आठवड्याच्या आणि परीक्षेच्या तारखा जानेवारीतच शेजारी शेजारी लिहा. पेपर असलेल्या मुलाला गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार रात्र असं तिन्हीकडे ओढू नका. त्याला कोणत्या उपासनेला यायचं ते निवडू द्या, आणि त्या उपासनेला सगळं घर बरोबर जा.
- मे: लग्नं, बहुतेक रविवारी. दूरच्या नात्यातल्या लग्नाला उपासना करून जेवणाच्या वेळी पोचलात तर कुणी रुसत नाही. सख्ख्या नात्यात रुसतात. तिथे त्या गावच्या चर्चची वेळ आधी विचारून ठेवा.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाबद्दल एक सूचना. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस, तेही १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्यांना. मांसवर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. आजारी माणसाला सूट आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाळीस दिवसांचे कडक उपास अंगावर घेऊ नयेत. भट्टीसमोर उभं राहून काम करणाऱ्यांनी पाणी सोडू नये. अन्नाऐवजी रात्री नऊनंतरचा मोबाइल सोडून बघा; बऱ्याच घरांत भात सोडण्यापेक्षा ते जड जातं.

## टप्पा १०: तुटल्यावर

तुटणार आहेच. दवाखाना, मयत, बदली, साधा कंटाळा. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे राहिलेलं भरून काढणं: 'बारा अध्याय राहिले, रविवारी बसून संपवते.' राहिलेले अध्याय सोडून द्या. आजची तारीख लिहा आणि आजचं वाचा.

एक-दोन दिवस चुकले तर काहीच करायचं नाही, दुसऱ्या दिवशी त्याच चहाआधी बसायचं. दोन आठवडे गेले तर टप्पा ३ पाच मिनिटांवर आणून पुन्हा सुरू करा. दोन महिने गेले तर सरळ टप्पा २ वर या. फक्त रविवार, चार वेळा. पहाटेचा गजर त्या काळात लावायचाच नाही. कॅथलिकांनी याच वेळी पापनिवेदनाला जावं; प्रोटेस्टंटांनी पाळकांना किंवा मंडळीतल्या भरवशाच्या वडीलधाऱ्यांना भेटावं. आणि प्रार्थनेबरोबर झोप, भूक, कामातली गोडी हे सगळंच कित्येक आठवडे गेलं असेल तर डॉक्टरांकडेही जा. त्याला श्रद्धेची कमतरता म्हणून अंगावर काढू नका.

शेवटचं काम: एक माणूस नेमा. नवरा-बायको नको, तिथे हिशेब दुसरे असतात. मंडळीतलाच, तुमच्याच वयाचा, तुमच्याच लिंगाचा, आणि गप्प बसता येणारा. महिन्यातून एकदा, रविवारी उपासनेनंतर अर्धा तास. त्याने तीनच प्रश्न विचारायचे: रविवार किती झाले? वहीत किती ओळी आहेत? घरात कोणाशी बोलणं बंद आहे? मग तुम्हीही त्याला हेच तीन विचारा. उपदेश दोघांनीही करायचा नाही. उठण्याआधी पुढच्या महिन्याची तारीख दोघांच्या शिफ्टच्या तक्त्यात बघून लिहून घ्या.